जनरेटरला लागलेली धाप

आमच्याकडे पाहुणे आले, की आधी सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि मग जनरेटरची! हसू नका हो. गावात राहणाऱ्यांना त्याची किंमत कळायची नाही. आमचं घर आहे वस्तीवर, शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे इनामगावच्या अंगाला. घोड नदी तिथून जवळच. घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला पाणंद. विजेचा शेवटचा खांब अर्ध्या मैलावर थांबलेला. छपरावर सोलरची एक पाटी बसवली आहे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिच्यावर चार दिवे, एक पंखा आणि मोबाइल असं सगळं छान भागतं. पण एकदा मृग लागून आभाळ भरून आलं, की ती पाटी नुसती शोभेची. मग कोठीच्या खोलीतला जनरेटर बाहेर काढायचा. लहानसाच आहे, पेट्रोलवर चालणारा, दोन के.व्ही.ए.चा. दोघांनी धरून सहज हलवता येतो.

आमचे हे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. दुसरी पाळी असली, की मोटारसायकलवरून घरी यायला रात्रीचे साडेबारा होतात. पाणंदीला दोन्हीकडे डोक्यापेक्षा उंच ऊस. आणि आमच्या भागात ऊस म्हटलं, की बिबट्या आलाच. तो उसात राहतो, उसातच पिलं घालतो. त्यामुळे हे घरी येईपर्यंत अंगणातला मोठा दिवा चालू ठेवायचा, हा आमचा नेम. दिव्याला बिबट्या भिऊन पळतो असं नाही. पण अंगणात काय आहे नि काय नाही, ते आपल्याला दिसतं. गोठ्यापर्यंत जायचं, तर पायाखालचं दिसलं पाहिजे ना?

सन २०२५ च्या पावसाळ्यात जनरेटर बाहेर काढला, तेव्हा तो सुरू तर झाला, पण त्याचं लक्षण काही ठीक दिसेना. 'घुर्रर्र' करून वर जायचा, मग एकदम खाली बसायचा, पुन्हा वर. दम्याच्या माणसाला धाप लागावी तसं. त्याच्याबरोबर अंगणातला दिवाही मोठा-बारीक व्हायचा. दोन दिवसांत एक दिवा उडाला आणि थोरलीच्या मोबाइलचा चार्जर जळाला. मी जनरेटर शिरूरला एका मिस्त्रीकडे पाठवला. त्यानं प्लग बदलला, पैसे घेतले आणि सांगितलं, "कार्बोरेटर गेलाय. नवीन टाका, नाहीतर मशीनच नवीन घ्या." घरी आणून दोरी ओढली, तर पुन्हा तेच रडगाणं.

आता पुढची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगायलाच हवी. एका संध्याकाळी पाऊस धो धो कोसळत होता. जनरेटर सारखा बंद पडत होता आणि दर वेळी भिजत जाऊन दोरी ओढायचा मला कंटाळा आला. म्हणून मी तो उचलून पडवीत घेतला. म्हटलं, दार उघडंच आहे, धूर जाईल बाहेर. अर्ध्या-पाऊण तासात आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, डोकं धरून बसल्या. मळमळतंय म्हणाल्या. धाकटा जेवता जेवताच पेंगायला लागला. मला वाटलं, आत्यांना उपासाचं पित्त झालं असेल आणि पोरगं दमलं असेल. त्या दिवशी ह्यांची पहिली पाळी होती, म्हणून हे लवकर घरी आले. पडवीत पाय ठेवताच त्यांनी आधी जनरेटर बंद केला आणि आम्हा सगळ्यांना ओढून गोठ्याच्या छपराखाली मोकळ्या हवेत नेलं. तासाभरानं आत्यांना जरा बरं वाटलं, आणि आम्ही तसेच डॉक्टरांकडे गेलो.

मैत्रिणींनो, पेट्रोलच्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो तरी त्याला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळणं, झोप येणं ही त्याचीच लक्षणं. आणि झोप लागली, की माणूस उठेलच असं नाही. खिडकी उघडी आहे, दार उघडं आहे, पंखा लावलाय, यातलं काहीही कामाचं नाही. जनरेटर घरापासून वीस फूट लांब आणि धुराचं तोंड घराकडे पाठ करून, एवढंच खरं.

त्या रात्री हे फार बोलले नाहीत. सकाळी चहा घेताना मात्र म्हणाले, "दिवाळीनंतर न्हावऱ्यात भाड्याची खोली बघू. हे असं जीव मुठीत धरून राहणं पुरे झालं."

आत्या तिथेच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. हातातला कप खाली ठेवून उठल्या आणि गोठ्याकडे गेल्या. पंचावन्न वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या ह्याच वस्तीवर आल्या. विहिरीचं काम निघालं, तेव्हा डोक्यावरून दगड वाहिलेल्या बाई त्या. गावात खोली म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

मला राहवेना. वाटलं, एवढ्याशा यंत्राच्या धापेपायी घर सोडायचं? माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत फिटर होते. वाफेच्या इंजिनांवर हात काळे केलेला माणूस. आता थकलेत, पण कान शाबूत आहेत. मी त्यांना फोन लावला.

"अण्णा, आमचा जनरेटर बिघडलाय."

"बिघडलाय म्हणजे काय? तू डॉक्टरकडे गेल्यावर 'मी बिघडले' असं सांगतेस का? नीट सांग. सुरू होतो का? बंद कधी पडतो? धूर कुठल्या रंगाचा?"

मला काही धड सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "फोन जवळ धर नि ऐकव मला." मी जनरेटर सुरू करून फोन हातभर लांब धरला. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बंद कर. हे हंटिंग आहे. ह्याचा प्लगशी काही संबंध नाही."

मग त्यांनी समजावलं ते असं. पन्नास सायकलची वीज मिळायला असलं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरावं लागतं. तेवढेच फेरे राहावेत म्हणून त्याला गव्हर्नर असतो. फेरे कमी झाले, की तो पेट्रोल-हवेची वाट जास्त उघडतो. फेरे वाढले, की मिटतो. आता आत येणारं पेट्रोलच अपुरं पडत असेल, तर इंजिन मंदावतं, गव्हर्नर वाट उघडतो, इंजिन उसळतं, तो घाईघाईनं मिटतो, पुन्हा इंजिन बसतं. ती वर-खाली होणारी धाप म्हणजे त्या दोघांची ओढाताण.

"आता एक कर," अण्णा म्हणाले. "सुरू कर आणि चोकचा खटका अर्धा ओढून बघ."

मी तसं केलं. आणि काय सांगू! इतके दिवस धापा टाकणारं ते यंत्र शहाण्या मुलासारखं एका सुरात चालायला लागलं. चोक सोडला, की पुन्हा धाप.

"झालं," अण्णा म्हणाले. "चोकनं हवा कमी होते. हवा कमी केल्यावर बरं चालतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी येतंय. पेट्रोलच्या वाटेत कुठंतरी तुंबलंय."

मला ते एकदम पटलं. कणीक मळताना पाणी कमी पडलं, तर एकतर पाणी वाढवायचं, नाहीतर पीठ काढून घ्यायचं. चोक म्हणजे पीठ काढून घेणं. पण त्यावर कायमचं थोडंच चालवता येतं? प्लग काळा होतो नि पेट्रोलही जास्त पितो. खरा उपाय पाणी वाढवण्याचा, म्हणजे पेट्रोलची वाट मोकळी करण्याचा.

आत्या माझ्या मागं येऊन उभ्या होत्या, ते मला कळलंच नाही. त्या म्हणाल्या, "आगं, मगाधरनं ऐकतीया मी. इस्टूचं निपल तुंबलं, की जाळ आसाच वर-खाली नाचायचा. त्याला पिन मारायची आस्ती."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लग्न झालं तेव्हा ह्या घरात पंपाचा पितळी स्टोव्ह होता. रॉकेलमध्ये बारीक कचरा असायचा, निपलच्या सुईएवढ्या भोकात तो अडकायचा आणि ज्योत भकभकायला लागायची. आत्या फळीवरून पिन काढायच्या, एक टोचणी द्यायच्या, की निळी ज्योत पुन्हा सरळ. पुढे गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेला. पण गेलेल्या वस्तूची अक्कल काही माळ्यावर ठेवायची नसते!

फोनवर अण्णांनी ते ऐकलं आणि मोठ्यानं हसले. "विहीणबाईंनी बरोबर ओळखलं. कार्बोरेटरमध्ये जेट म्हणून एक पितळी तुकडा असतो, तो म्हणजे स्टोव्हचं निपलच. फक्त एक सांगा त्यांना, लोखंडी पिन नका मारू. पितळेचं भोक वाढलं, तर तो जन्माचा बिघडला. विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं शाळेत गेल्यावर आम्ही दोघी अंगणात घोंगडी अंथरून बसलो. चूल, देवाचा दिवा, उदबत्ती सगळं विझवून घेतलं. यंत्र थंडगार होतं. अण्णांनी क्रम सांगून ठेवला होता: सोपं आधी, अवघड शेवटी.

पहिलं तेल. झाकणाच्या काडीला तेल कुठवर लागतं, ते बघितलं. ठीक होतं. तेल कमी असलं, तर पुष्कळशा यंत्रांत इंजिन आपोआप बंद पडतं आणि आपण बसतो दोरी ओढत.

दुसरी हवा. हवेच्या डबीतला स्पंज काढला, तर तो गोठ्यातल्या भुसकटानं भरलेला. साबणाच्या कोमट पाण्यात धुतला, पिळला, सावलीत वाळवला, इंजिनाच्या तेलाचे चार थेंब लावून पुन्हा घट्ट पिळला आणि बसवला.

तिसरं टाकीचं झाकण. त्याला हवेसाठी बारीकसं छिद्र असतं. ते बुजलं, तर टाकीतून पेट्रोल उतरत नाही आणि यंत्र पंधरा-वीस मिनिटं चालून बंद पडतं. झाकण जरा सैल केल्यावर चालायला लागलं, तर दोष तिथंच समजावा. आमचं छिद्र मोकळं होतं.

चौथं पेट्रोल. कॉकखालची नळी काढून पेट्रोल एका काचेच्या बरणीत घेतलं आणि बरणी तशीच ठेवली. थोड्या वेळानं आत्यांनीच दाखवलं, "खाली बघ, पानी हाय." खरंच, बरणीच्या तळाशी वेगळा थर दिसत होता. वरचं पेट्रोलही गडद झालेलं आणि त्याला पेट्रोलचा नाही, जुन्या व्हार्निशचा वास. मला आठवलं, आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आम्ही जनरेटर आत ठेवला, तो अर्धी टाकी पेट्रोलसकट.

शेवटी कार्बोरेटर. त्याच्या तळाशी एक वाटी असते, एका बोल्टनं बसवलेली. खाली थाळी धरून पान्यानं बोल्ट सोडवला. वाटीच्या बुडाशी हिरवट, चिकट राब साचली होती, काकवी आटून बसावी तशी. वाटीवर तरंगणारा फ्लोट हळूच बाजूला केला. मधोमध जेट. डिसमिसनं ते सोडवून उजेडात धरलं, तर भोकातून उजेड दिसतच नव्हता! तांब्याची तार घालून, ताज्या पेट्रोलमध्ये बुडवून, सायकलच्या पंपानं हवा मारली. तीन-चार वेळा केल्यावर मोहरीपेक्षाही बारीक असा गोल उजेड दिसला. आत्यांनी तो एक डोळा मिटून बघितला आणि म्हणाल्या, "आता पेटंल."

त्याच्या शेजारी मंद चालीचं आणखी एक बारीक जेट असतं. ते बहुतेक लोक विसरतात आणि मग म्हणतात, साफ करूनही धाप जात नाही. तेही साफ केलं. वायसर जिथलं तिथं बसवलं. काढतानाच प्रत्येक वस्तू घोंगडीवर ओळीनं मांडली होती, त्यामुळे लावताना उलट्या ओळीनं उचलत गेलो. पापड वाळत घालण्याची सवय अशीही कामाला येते. टाकीत ताजं पेट्रोल घालून मी दोरी ओढली. दोनदा काही नाही. तिसऱ्या खेपेला लागला. चोक सोडला. दोघींनी श्वास धरला. एका सुरात, न अडखळता, चालत राहिला.

खर्च आला तो ताज्या पेट्रोलचा आणि एक वायसर फाटलं होतं, त्याचा. बस्स!

पुढं अण्णांशी बोलताना पेट्रोल इतकं का बिघडावं, हेही कळलं. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे झालं. इथेनॉल उसापासूनही करतात, धान्यापासूनही. ते हवेतली ओल शोषून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल लवकर संपतं, त्यामुळे तिला याची झळ लागत नाही. पण आठ-आठ महिने कोपऱ्यात बसलेल्या यंत्राच्या टाकीत ओल जमत जाते आणि ती जास्त झाली, की पाणी नि इथेनॉल मिळून तळाला बसतात. म्हणजे गंमत बघा. आमच्याच शिवारात पिकणारा ऊस फिरून आमच्याच जनरेटरच्या घशात अडकला! उसाला दोष नाही. आपण रात्रीचा भात दुसऱ्या दिवशी वास घेतल्याशिवाय खात नाही, आणि यंत्राला मात्र आठ महिन्यांचं शिळं पाजतो.

तेव्हापासून आम्ही काही नियम केले. तुमच्याकडे असं यंत्र असेल, तर तुम्हीही करा:

महिनाभर लागणार नसेल, तर टाकी रिकामी करावी आणि कॉक बंद करून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे वाटीतलंही पेट्रोल संपतं.

लागत नसलं, तरी महिन्यातून एकदा थोडं ताजं पेट्रोल घालून दहा मिनिटं चालवावं आणि पुन्हा रिकामं करावं.

सुरू करताना भार लावू नये. दोन-तीन मिनिटं नुसतं चालू द्यावं. मग पाण्याची मोटार असेल तर ती आधी, दिवे नंतर. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. बंद करताना आधी भार काढावा.

धाप लागलेली असताना मोबाइल, टी.व्ही. असं नाजूक काही जोडू नये.

गरम यंत्रात पेट्रोल ओतू नये. आधी बंद करावं, निवू द्यावं.

प्लग काढून रंग बघावा. कॉफीच्या रंगाचा असेल तर तब्येत उत्तम, काजळीनं काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढरा फट्ट असेल तर पेट्रोल कमी.

आणि घरात, पडवीत, गोठ्यात जनरेटर कधीही चालवू नये. आम्ही घरापासून वीस फुटांवर चार खांब रोवून वर पत्रा टाकलाय. चारी बाजू मोकळ्या. पावसात तिथवर जाताना भिजायला होतं, पण मी आता कुरकुरत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आमच्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. ते कानावर आलं, तेव्हा आमच्या घरात त्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मी स्वतःच ह्यांना म्हटलं, "तुम्ही म्हणत होता ते खोलीचं बघायचं का?"

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गोठ्याला जाळी मारू. पोरांना तिन्हीसांजेनंतर अंगणातसुद्धा एकटं सोडायचं नाही. बघू, एवढं करून जमतं का."

जाळी मारली. पोरं संध्याकाळी आतच असतात. आत्या पहाटे गोठ्यात एकट्या जात नाहीत, मला उठवतात. भीती गेली, असं मी म्हणणार नाही. ती आहेच आणि असायलाही हवी. पण राहायचं की जायचं हे आता आम्ही ठरवू, एका तुंबलेल्या भोकानं ते ठरवायचं नाही, एवढं खरं.

ह्यांची दुसरी पाळी असली आणि आभाळ भरलेलं असलं, की मी नि आत्या जाग्या राहतो. आत्या जपमाळ ओढतात, मी निवडणं घेऊन बसते. बाहेर जनरेटर एका सुरात चाललेला असतो. मधूनच आत्या मणी थांबवून कान देतात आणि म्हणतात, "ठीक हाय गं." साडेबाराच्या सुमारास उसाच्या शेंड्यांवरून मोटारसायकलचा उजेड फिरतो. मग मी उठून आमटी गरम करायला ठेवते.

आणि हो, माळ्यावरचा तो पितळी स्टोव्ह मी खाली काढून घासून ठेवलाय. मोडीत द्यायचा विचार होता. आता नाही देणार.